मारहाणीचा प्रवेश

रत्नपालनं लिहिलेल्या नाटकात नवरा बायकोला मारतो, त्या प्रवेशाला सुरुवातीला लोक हसायचे. नवऱ्याचं काम तो स्वतः करायचा आणि मार खाणारीचं त्याची बायको ज्योती. त्याचा हात हवेत फिरला की ज्योती गिरकी घेऊन पडायची आणि ढोलकीवर थाप पडायची.

प्रयोग संपला की रत्नपाल लोकांपुढं मांडी घालून बसायचा आणि काय चुकलं ते विचारायचा. नरसी गावच्या प्रयोगाला गडीमाणसांनी वाहवा केली. देवळाजवळ हार-प्रसादाचं दुकान चालवणारी द्वारकाबाई मात्र उठून उभी राहिली.

"असं न्हाई मारत कोणी," ती म्हणाली. "आधी कडी लावतो. टीव्हीचा आवाज वाढवतो. अन् बाई वरडत न्हाई. लेकरं उठतील म्हणून पदर तोंडात कोंबती."

दुसऱ्या दिवशी रत्नपालनं प्रवेश बदलला. ढोलकी काढून टाकली. पुढच्या गावात एकीनं सांगितलं, मारून झालं की तो जेवायला वाढ म्हणतो, आणि वाढावं लागतं. तेही घेतलं. आपलं सांगणं नाटकात आलं का, हे बघायला बायका जीप करून पुढच्या गावी येऊ लागल्या. एका सतरंजीवर बसू लागल्या. एकमेकींचे नंबर घेतले, कोणाला तकलीफ झाली की फोन जाऊ लागले. प्रवेश मात्र असा अंगात भिनला, की एकदा रत्नपालचा हात खरोखर ज्योतीच्या तोंडावर बसला. फुटलेला ओठ पुसून तिनं प्रयोग पुरा केला. नंतर बरेच दिवस त्याला तिच्याकडं नीट बघवेना.

गोरेगाव या बाजाराच्या गावातल्या प्रयोगानंतर प्रियंका नावाच्या तरण्या बाईनं ज्योतीला बाजूला नेलं. नवरा आपले केस मनगटाला गुंडाळून धरतो आणि डोकं उंबऱ्यावर आपटतो, असं ती हळू आवाजात सांगत होती. फक्त आमचं नाव घेऊ नका, म्हणाली. नाव कोणी घेतलं नाही. पण केस गुंडाळणं नाटकात आलं, आणि लोकांनी पुन्हा बोलावलं म्हणून रत्नपालनं तोच प्रयोग बाजाराच्या दिवशी गोरेगावातच लावला.

त्यानं ज्योतीचे केस मनगटाला गुंडाळले, तसा गर्दीतून प्रियंकाचा नवरा वैजनाथ उठला. अवजारांच्या दुकानापुढचा एक कुदळीचा दांडा त्यानं उचलला आणि सतरंजीवर बसलेल्या प्रियंकाचे केस धरले. मनगटाला गुंडाळले. फरफटत बाजाराच्या ओट्यापर्यंत नेलं आणि तिचं डोकं दगडी कडेवर आपटलं.

लोकांना वाटलं, हे नाटकातलंच. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग पुष्कळांनी वाजवल्या.

दुसऱ्यांदा डोकं आपटलं तेव्हा ओटा लाल झाला. रत्नपालनं उडी घेतली. दांडा त्याच्या जबड्यावर बसला आणि दात तोंडातल्या तोंडात निखळले. दुसऱ्या फटक्यानं खांद्याचं हाड मोडलं. तो पडला. ज्योतीनं वैजनाथच्या मनगटात दात रोवले आणि केस सुटेपर्यंत सोडले नाहीत.

मग सतरंजीवरच्या बायका उठल्या. चपला, दगड, भाजीवालीच्या तराजूतलं लोखंडी माप, जे हाती आलं ते घेऊन त्या वैजनाथवर तुटून पडल्या. द्वारकाबाईनं त्याचाच दांडा त्याच्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचा आवाज रत्नपालला पडल्या जागी ऐकू आला. वैजनाथ खाली कोसळला, तोंडातून फेस आणि रक्त येऊ लागलं, तरी मार थांबेना. अजून एक घाला, असं रत्नपालच्या मनात आलं आणि स्वतःचीच त्याला भीती वाटली.

थांबवलं ते प्रियंकानं. चेहरा रक्तानं माखलेला, रांगतच ती मधे आली.

"बस करा. तो मेला तर तुमी आत जाल. मला जितं माणूस पाहिजे, कोर्टात उभं करायला."

आलेल्या जीपांतूनच सगळ्या ठाण्यावर गेल्या. कोणी पाहिलं, असं विचारल्यावर एकूणएक बाईनं आपलं नाव सांगितलं.

वैजनाथ पुढं जामिनावर सुटला. प्रियंका त्याच्याकडं परतली नाही. द्वारकाबाईकडं नरसीला राहिली. रत्नपालचा जबडा तारांनी बांधलेला होता, म्हणून त्याच्या वतीनं ज्योतीच बोलली. आमच्यापायी तुझं डोकं फुटलं, आता नाटक बंद करतोय, असं तिनं सांगितलं.

"काहून?" प्रियंका म्हणाली. "उलट एक राहिलंय. माझं डोकं फुटत व्हतं तवा लोक टाळ्या वाजवत व्हते. ते घ्या."

रत्नपाल बरा झाल्यावर वारंगा फाट्यावर पुन्हा प्रयोग झाला तेव्हा ती गर्दीत बसली. रत्नपालनं ज्योतीचे केस धरले आणि प्रियंकानं एकटीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आजूबाजूच्या गड्यांनी साथ दिली. टाळ्या वाढल्या, तशी ती उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला. टाक्यांच्या जागचा, केस न उगवलेला व्रण सगळ्यांना दिसला.

हात एकेक करून थांबले. पुढं बसलेला एक जण मात्र वाजवतच राहिला, आपण एकटेच उरलोय हे कळेपर्यंत. मग त्यानं हात मांडीखाली घेतले. प्रयोग पुढं सरकायला बराच वेळ लागला.