बाबांचे कान

खोटं कशाला बोलू, अनीसाचं नाव घरात निघालं की माझ्या पोटात दुखायचं. अकोल्यात आमचं ॲम्प्लिफायर बनवायचं आणि दुरुस्त करायचं दुकान आहे, चाळीस वर्षांचं. देवराव मेकॅनिक म्हणजे माझे बाबा. मी शेखर, त्यांचा मुलगा, पंधरा वर्षं त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून सोल्डरचा धूर खातोय. आणि अनीसा अमरावतीची. डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षं आमच्याकडे शिकली आणि परत जाऊन स्वतःचं वर्कशॉप टाकलं. पंधरा वर्षांत मला एकदाही न मिळालेलं वाक्य तिला दोन वर्षांत दहा वेळा मिळालं असेल. "बेटा, हे बराबर झालं."

बाबा ॲम्प्लिफायर ऐकतात ते अगदी हळू आवाजात, आतल्या खोलीत, मशीनकडे पाठ करून. घरात दुसरा आवाज नको म्हणून कूलरही बंद करतात. मे महिन्यात अकोल्यात कूलर बंद करणं म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. अनीसाचं मशीन आलं की अर्धा अर्धा तास आम्ही सगळे घामानं निथळत बसायचो. माझं मशीन बाबा कूलरच्या घरघरीत ऐकायचे आणि "ठीक हाय" म्हणून चहा मागायचे. माझी बायको आरती म्हणायची, बरंच आहे की, आपल्याला वारा तरी मिळतो. मला ते हसण्यावारी नेता आलं नाही.

आता तिचं मशीन सरस का, तेही सांगून टाकतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरमध्ये आवाजाची लाट दोघं मिळून उचलतात. वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर, खालचा अर्धा दुसरा. एकानं सोडायचं आणि दुसऱ्यानं धरायचं, त्या क्षणी दोघंही झोपलेले असले तर लाटेत खाच पडते. मोठ्या आवाजात ती लपते, पण हळू आवाजात सूर फाटतो. म्हणून दोघांनाही थोडा थोडा करंट देऊन कायम जागं ठेवावं लागतं. हा करंट प्रीसेटनं, म्हणजे बोर्डावरच्या एका बारक्या स्क्रूनं लावतात. गोम अशी की ट्रान्झिस्टर तापले की करंट वाढतो, करंट वाढला की ते आणखी तापतात, आणि शेवटी धूर निघतो. मी आपला करंट कमीच ठेवायचो. जळून परत आलेल्या मशीनपेक्षा थोडं फाटकं वाजणारं बरं, असा माझा हिशेब. वरून फीडबॅक वाढवून द्यायचो, म्हणजे निघालेला आवाज थोडा परत आत फिरवून चूक काढायची. बाबा म्हणायचे, "फीडबॅकनं खाच झाकते, बुजत नाई."

अनीसानं काय केलं, तर करंट सांभाळणारा छोटा ट्रान्झिस्टर बोर्डावरून उचलला आणि त्या दोन मोठ्यांच्या मधोमध, त्यांच्याच हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर, आवळून टाकला. मोठे तापले की हा तापतो आणि करंट खाली आणतो. यात आकाशातून पडलेलं काही नाही, पुस्तकात आहे. मलाही ठाऊक होतं. हीटसिंकला एक जास्तीचं भोक पाडायचा मी कंटाळा केला, एवढंच.

गेल्या मे महिन्यात अमरावतीच्या सीमाताईंचा फोन आला. त्या गाणं शिकवतात. जुनी ध्वनिमुद्रणं मुलांना हळू आवाजात ऐकवायला त्यांना एक चांगला ॲम्प्लिफायर हवा होता. शेखरनं एक बनवावा, अनीसानं एक बनवावा, देवराव म्हणतील तो मी घेईन, असं त्यांनी सांगितलं. एका मशीनचा तो सौदा. पण बाबा पहिल्यांदाच आम्हा दोघांना शेजारी ठेवून ऐकणार होते, आणि माझी झोप उडायला तेवढं पुरलं.

अनीसाचं मशीन एस्टीनं पार्सल आलं. स्टँडवरून मीच आणलं. शनिवारी दुपारी बाबा जेवून लवंडले होते, तेव्हा मी त्याचं झाकण उघडलं. आतली तार न् तार विंचरल्यासारखी सरळ. ते बघूनच माझा जळफळाट झाला. मीटर लावला तर करंट दाखवणारा आकडा अकरा मिलिव्होल्ट, जिथे असायला हवा तिथेच. मी प्रीसेट फिरवून चारवर आणलं. मग माझं मशीन उघडलं आणि तीनवरचं अकरावर नेलं. अर्धा तास न जळता निघाला की झालं. तिचं मशीन लावून बघितलं, पण खरं सांगतो, मला काही फरक ऐकू आला नाही. फरक होता तो मीटरवर.

रविवारी सकाळी बाबांनी कूलर बंद करायला लावला. कोणतं कुणाचं ते सांगू नको का, असं मी विचारलं. "लपवाचं काय त्यात?" ते म्हणाले. "मले पयल्या सुरात समजते."

आधी अनीसाचं मशीन, त्यावर सारंगी. दोनतीन मिनिटांत बाबांनी मान तिरकी केली.

"स्पीकरच्या तारा पाह्य बरं."

मी तारा पाहिल्याचं नाटक केलं. पुन्हा लावलं. त्यांनी मान दुसऱ्या बाजूला तिरकी केली. मग म्हणाले, "तुझं लाव."

तीच सारंगी माझ्या मशीनवर लावली. बाबा शेवटपर्यंत हलले नाहीत. आरतीच्या हातातला वारा घ्यायचा पुठ्ठासुद्धा थांबला होता.

"तुझं गोड वाजून राह्यलं," बाबा म्हणाले.

पंधरा वर्षं मी याची वाट पाहिली होती. ऊर भरून आला माझा, चोरीचं असूनही.

"म्हणजे माह्ये कान गेले," ते तसेच शांतपणे पुढे म्हणाले. "अनीसाचं मशीन असं वाजूच शकत नाई. सीमाताईले सांग, दुसऱ्या कोणाले इचारा म्हना. मी आता दुकानात बसत नाई."

अंगाचा तिळपापड झाला माझा. मशीन बिघडलं असेल, ही शंकासुद्धा या माणसाला शिवली नाही. स्वतःच्या कानांवर पाणी सोडायला तयार, पण तिच्या कामावर संशय नाही. आणि माझं गोड वाजलं, हाच त्यांना कान गेल्याचा पुरावा. गप्प राहायचं, असं मी त्या क्षणी ठरवलंही होतं. तेवढ्यात बाबांनी उजव्या कानाजवळ चुटकी वाजवली. मग डाव्या कानाजवळ. मग पुन्हा उजव्या. ते मला बघवलं नाही.

"बाबा, कान चांगले हायेत तुमचे."

"समजूत नको काढू."

"तिचं प्रीसेट मी फिरवलं. काल."

आरती उठून स्वयंपाकघरात गेली. बाबा माझ्याकडे वळले. आता शिव्या बसणार म्हणून मी खाली बघत उभा राहिलो.

"किती होतं?"

"अकरा."

"अन् केलं किती?"

"चार. माह्यं तीनचं अकरा केलं."

"मंग पयले तुझं बंद कर, जळंन ते." मी बंद केलं. हीटसिंकला बोट लावता येत नव्हतं. "फिरवल्यावर तुले फरक ऐकू आला होता?"

"नाई."

बाबांनी मांडीवर थाप मारली. चेहरा असा उजळला, की दहा वर्षांनी लहान दिसायला लागले. त्यांनी मोबाइल घेतला आणि अमरावतीला फोन लावला.

"अनीसा, बेटा, तुझंच मशीन जाईन सीमाताईकडे. एस्टीच्या धक्क्यानं प्रीसेट हाललं होतं, अकराचं चारवर आलं होतं. दोन मिंटात धरलं म्या. सत्तरीत हाय मी, अन् चारचं अजून धरतो." पलीकडून ती काहीतरी बोलली आणि बाबा खळखळून हसले.

साध्या फ्यूजबद्दलही गिऱ्हाइकाशी खोटं न बोललेला हा माणूस माझी लाज राखायला खोटं बोलला. मला ते कळत होतं, आणि त्यांचे पाय धरावेत असंही वाटत होतं. पण त्याहून जास्त मला हे खुपत होतं, की एवढ्या आनंदाची गोष्ट सांगायला त्यांना फोन लावावा लागला, आणि मी तिथेच तीन हातांच्या अंतरावर उभा होतो.