नेम चुकलेला फाळ

मी भाल्याचा दगडी फाळ बोलतोय. आवाज घोगरा वाटला तर सांभाळून घ्या, हजारो वर्षं तोंडात चिखल होता.

माझ्या काचेसमोर लोक थबकतात, ‘काय भयंकर हत्यार आहे’ असं पुटपुटतात आणि मी ओशाळून जातो. खरं सांगायचं तर उभ्या आयुष्यात मी एकाही प्राण्याला साधा ओरखडा काढलेला नाही.

माझा जन्मच उरल्यासुरल्यातून झाला. दगड घडवणारा म्हातारा हाताचा कसबी होता. एका मोठ्या गारगोटीतून त्याने माझी थोरली भावंडं काढली. एकेक असं देखणं की बघत राहावं. शेवटी जो तुकडा राहिला, तो टाकवेना म्हणून मी झालो. डावी कड वाकडी, पाठ जराशी फुगलेली. म्हाताऱ्याने मला उजेडात धरलं, इकडून तिकडून न्याहाळलं आणि म्हणाला, “हा जावयाला चालेल.”

माझ्याबद्दल कुणी व्यक्त केलेलं ते पहिलं मत.

मला काठीवर बसवलं ते म्हाताऱ्याच्या मुलीने. हरणाच्या पायाची वाळलेली शीर तिने चावून चावून मऊ केली, तिचा धागा काढला, माझ्या कमरेला घट्ट वेढे घातले आणि वरून झाडाची तापवलेली राळ लिंपली. माझी जी काही किंमत आहे ती त्या धाग्यामुळे आणि राळेमुळे आहे, हे मी आत्ताच कबूल करून टाकतो. नुसते दगडी फाळ त्या भागात पोत्याने सापडतात.

जावई माणूस चांगला होता. नेम मात्र त्याचा असा होता की प्राण्यांपेक्षा सोबत्यांनीच त्याला वचकून असावं. तळ्याकाठी एक थोराड हरीण पाणी पीत होतं. जावयाने मला फेकलं. मी मोठ्या झोकात निघालो, हरणाच्या पाठीवरून गेलो आणि पलीकडच्या दलदलीत शिरलो. हरणाने मान वर केली, आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि पुन्हा पाणी प्यायला लागलं. पळून जाण्याइतकंही त्याने मला मोजलं नाही.

जावई मांडीभर चिखलात उतरून मला चाचपडत राहिला. एकदा त्याचा हात अगदी जवळून गेला. मग तो घरी गेला. सासऱ्याला त्याने काय सांगितलं असेल ते असो, वाऱ्याचा उल्लेख नक्की आला असणार.

चिखल वर चढत गेला. तळं आटलं, माती साचली, वर गवत आलं. काठी वरच्या बाजूने कुजून गेली, पण खाली माझ्याभोवती ओल होती आणि हवा अजिबात नव्हती, म्हणून धागा टिकला. यात माझं कर्तृत्व शून्य. मी फक्त पडून होतो, आणि ते काम मला उत्तम जमतं.

मग एक दिवस माझ्या अंगावर उजेड पडला.

उत्खननाचे प्रमुख गुडघे टेकून वाकले होते. सगळे त्यांना सर म्हणत. इतकी वर्षं जमीन उकरून त्यांच्या हाती नुसते दगडी फाळ आणि कपचेच लागले होते, आणि आता निवृत्ती तोंडावर आली होती. त्यांच्या शेजारी एक तरुण बाई होती. संग्रहालयात जुन्या वस्तू जतन करण्याचं काम तिच्याकडे होतं. ती त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. घरी मामा, इथे सर. मामामुळे नोकरी लागली, असं मागून बोलणारे होतेच, त्यामुळे कामावर तिच्या तोंडून ‘मामा’ कधी निघत नसे.

“याला दोरा आहे,” सर म्हणाले. त्यांनी पाण्याची बाटली उघडली.

“सर, पाणी ओतू नका.”

“जरासं धुतो. फोटोपुरतं.”

“धुतलं तर दोरा पाण्याबरोबर जाईल, आणि उन्हात राहिला तर वाळून भुगा होईल. ढेकळासकट उचलूया.”

“तू शाळेतही जात नव्हतीस तेव्हापासून मी हे करतोय.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “म्हणून तर तुम्ही ऐकाल असं वाटलं.”

सगळे आपापल्या उकरायच्या थापीकडे बघू लागले. सरांनी बाटलीचं झाकण लावलं आणि ते मागे सरकले. तिने स्वतःचा जेवणाचा डबा रिकामा केला, मला ओल्या मातीसकट त्यात ठेवलं आणि झाकण घट्ट लावलं. अशा रीतीने जगाच्या इतिहासात माझं पुनरागमन मसाल्याच्या वासात झालं.

पुढचे महिने मी तिच्या कामाच्या खोलीत एका थंडगार कपाटात काढले. लाड असे की नवजात बाळाचेही होत नसतील. पाणी बदलायचं, माती कुंचल्याच्या एकेका केसाने काढायची, मग पाण्यात विरघळणारं मेण थेंबाथेंबाने वाढवत न्यायचं, म्हणजे दोऱ्यातल्या पाण्याच्या जागी मेण बसतं आणि तो आक्रसत नाही. शेवटी गोठवून ओल हळूहळू ओढून घ्यायची. मला स्वतःला यातल्या कशाचीच गरज नव्हती. मी दगड. लग्नात नवरीला सजवताना शेजारी खुर्ची अडवून बसणारा एक नातेवाईक असतो, तसा मी होतो.

सर दर आठवड्याला दारात येत. “झालं?”

“अजून नाही, सर.”

संग्रहालयाच्या संचालकांनी ठरवलं की सरांच्या निरोप समारंभातच मला लोकांपुढे मांडायचं. काचपेटी तयार झाली, आत दिवा लागला. तिने नकारार्थी मान हलवली. एवढ्यात बाहेर काढला तर दोरा राहणार नाही. संचालकांनी सरांकडे पाहिलं. एका शब्दाने ते तिचं म्हणणं मोडू शकले असते. “तिचं खातं आहे,” एवढंच ते म्हणाले आणि खोलीबाहेर गेले.

समारंभ रिकाम्या काचपेटीसमोर झाला. दुसऱ्या दिवशी माझं पाणी बदलता बदलता तिने ते सगळं सांगितलं, अर्थात स्वतःशीच. सर भाषणात म्हणाले होते, “उत्सवमूर्तींची प्रकृती बरी नसल्याने ते येऊ शकले नाहीत.” लोक हसले. सर मात्र तेवढंच बोलून खाली बसले.

तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. हात ओले होते, म्हणून तिने तो स्पीकरवर घेतला.

“एक दिवस बाहेर काढून ठेवला असतास तर आकाश कोसळणार होतं का?”

“आकाश नाही गं आई, दोरा.”

“सगळा जन्म घालवला त्याने त्या मातीत. तुला बोट धरून त्यानेच नेलं ना तिकडे?”

तिने फोन ठेवला आणि माझं उरलेलं पाणी बदललं. त्या क्षणी तळ्याच्या तळाशी परत जावं असं मला वाटलं. एवढ्या भांडणाच्या लायकीचा मी नव्हतो.

त्यानंतर सर यायचे थांबले.

दोरा तयार झाला तेव्हा तिनेच त्यांना बोलावलं. ते आले, साध्या सदऱ्यात, जरा वाळलेले. तिने भिंगाखाली मला ठेवलं. त्यांनी वेढ्यामागून वेढा पाहिला. एकही वेढा सैल झाला नव्हता.

“रक्ताचा अंश?” त्यांनी विचारलं.

“कणभरही नाही, मामा. कशालाच लागला नाही हा.”

ते हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसलो असतो, पण आमच्यात ती सोय नाही.

मग तिने खणातून काचेची एक छोटी कुपी काढली. तिच्या तळाशी चिमूटभर तपकिरी धूळ होती.

“मातीत याच दोऱ्याचा सुटा तुकडा मिळाला होता. समारंभाच्या आदल्या आठवड्यात घाईने वाळवून पाहिला. वाटलं, जमलं तर तुमच्यासाठी...”

त्यांनी कुपी उजेडात धरली. धूळ एका बाजूला सरकली.

“हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलंच नाहीत. माझ्यावर सोडलंत.”

मामांनी कुपी तिच्या हातात परत दिली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. कामाच्या खोलीत ते पहिल्यांदाच घडत होतं.

आता मी काचपेटीत असतो. मंद दिवा, मोजून मापून दिलेली हवा, समोर दोरी. मुलं येतात आणि ‘एवढंच?’ म्हणून पुढे सांगाड्याकडे पळतात. त्यांचं काही चुकत नाही. तुम्हाला एकच विनंती, काचेवर टिचक्या मारू नका. मला काही होत नाही, पण दोऱ्याला धक्का बसतो.

अधूनमधून एक वयस्क गृहस्थ तिकीट काढून येतात आणि इतरांसारखे रांगेत उभे राहतात. शेजारी अनोळखी माणूस असला की ते घसा साफ करतात. दरवेळी मला वाटतं, आज तरी सांगतील, हा मी शोधला. ते काचेकडे बोट करून म्हणतात, “तो दोरा बघा. माझ्या भाचीने राखलाय.”