नातलगाने करावयाचे

म्हातारीच्या पाठीखाली हात सारून सत्यभामेने तिला कुशीवर वळवले आणि ओले लुगडे बाजूला केले, तेव्हा तिला ते दिसले. माकडहाडावरची कातडी लिंबाएवढ्या जागेत काळीनिळी पडून मधोमध फुटली होती.

खाटेशी उभी असलेली सून वाकून पाहू लागली.

“काय झालं बाई?”

“काही नाही. जा, गरम पाणी घेऊन ये.”

सून लगबगीने गेली. लकवा झालेल्या माणसाला स्वतःहून कूस बदलता येत नाही, आणि दुसऱ्याने बदलली नाही तर अंगाच्या भाराखाली पाठ सडते. नागपुरात नर्सिंग शिकायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात घोकून घेतलेला हा धडा. नव्या पोरींना ती स्वतः तो शिकवीत असे, आणि चुकलेल्या पोरीला रडवीतही असे. तिने खाटेच्या पायथ्याला टांगलेला तक्ता उचलून वाचला. त्यात कूस बदलण्याबद्दल एक अक्षरही नव्हते, आणि अक्षर तर सगळे तिचेच होते.

अकोल्याच्या त्या जनाना दवाखान्यात खाटा पुष्कळ आणि नर्सा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून डॉक्टरीणबाईंनी ही पद्धत पाडली होती. रोगी आला की नर्सने बसून विचार करायचा: याला धोका कशाचा, तो टाळायला काय करायचे, कोणी करायचे. मग ते तक्त्यावर मांडायचे. डावीकडे ‘नर्सने करावयाचे’, उजवीकडे ‘नातलगाने करावयाचे’. घास भरवणे, अंग उचलणे, कपडा बदलणे असली कामे उजवीकडे जात. आता उजवी बाजू वाचणार कोण? बाळापूर-पातूरकडून गाडीत घालून माणूस आणणाऱ्यांना अक्षर कुठले येते! तेव्हा ती बाजू नातलगाला समोर उभे करून समजावून सांगायची, असा नियम होता.

सत्यभामेचे तक्ते म्हणजे मोत्याचे दाणे. बाळापूरची ही म्हातारी, माणिकबाई, अर्धे अंग गेलेल्या अवस्थेत दाखल झाली, तेव्हा नागपूरचे मोठे साहेब तपासणीला यायचे होते आणि त्यांना दाखवायचे नमुन्याचे तक्ते सत्यभामा सुवाच्य उतरवून काढत होती. त्या घाईत तिने म्हातारीचा तक्ता भरला. चमच्याने पेज, तोंड पुसणे, लघवीवर लक्ष, एवढे लिहिले. सुनेला ती म्हणाली, “बाकीचं उद्या समजावते.” तो उद्या काही उगवला नाही. चार दिवस ती टेबल सोडून उठली नाही, आणि हाताखालची पोर म्हातारीचे फक्त हातपाय पुसून जात राहिली. साहेब आले, तक्ते पाहून खूश झाले. नव्या वर्षापासून वॉर्डाची मुख्य नर्स सत्यभामाच, असे डॉक्टरीणबाई सगळ्यांदेखत बोलून गेल्या. लोकांच्या दुखण्याचा विचार नीट कागदावर मांडल्याची शाबासकी होती ती.

आणि सून, जयवंता? ती बिचारी हातावर हात ठेवून बसली नव्हती. वारे गेलेले अंग हलवू नये, हलवले की वारे आत शिरते, असे तिला घरच्या जाणत्यांनी बजावून पाठवले होते. तिने सासूला गोधडीत गच्च गुंडाळले होते, दोन्ही बाजूंना कपड्यांची बोचकी लावली होती आणि म्हातारी जराही सरकू नये म्हणून ती तिच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिली होती. जीव लावून बसली होती, असेच म्हणायला हवे.

वॉर्डाच्या दाराशी डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. सत्यभामेने खिशातली लेखणी काढली. उजव्या बाजूला तळाशी जागा मोकळी होती. तिथे तिने लिहिले, ‘दर दोन तासांनी कूस बदलावी. पाठ कोरडी ठेवावी.’ अक्षर नेहमीसारखेच देखणे आले. डॉक्टरीणबाई तिच्यापर्यंत पोचल्या तोवर शाई वाळलीही होती.

“हे कसं झालं?” पाठ पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“तक्त्यात लिहिलंय, बाई.”

एवढेच ती बोलली. मी सांगितले होते, असे ती म्हणाली नाही. पुढे कित्येकदा तिने स्वतःची तेवढ्यावर समजूत घालून पाहिली, पण ती काही पटली नाही.

डॉक्टरीणबाईंनी तक्ता वाचला. तेवढ्यात जयवंता पाण्याचे भांडे घेऊन आली, आणि सगळा राग तिच्यावर कोसळला. वड्याचे तेल वांग्यावर निघाले. “लिहून ठेवलंय, समजावून सांगितलंय, तरी तुझ्या डोक्यात शिरत नाही? माणूस आहे की कापसाचं पोतं? पाठ कुजली तिची!”

जयवंता भांडे धरून उभी राहिली. तिने एकदा सत्यभामेकडे पाहिले. सत्यभामा कापसाच्या पट्ट्यांच्या घड्या करत होती. दारात जयवंताचा नवरा, उत्तमराव, दुधाची कासंडी घेऊन उभा होता. त्याने सगळे ऐकले होते.

त्या दिवसापासून त्याने बायकोला आईच्या खाटेजवळ येऊ दिले नाही. बाळापूरहून बहीण आणवली, कौशल्या. जयवंता मागच्या आवारात नातलगांच्या शेडमध्ये चूल मांडून भाकरी थापी आणि सासूचे घाण झालेले कपडे नळावर धुई. तक्रारीचा ब्रही तिने तोंडातून काढला नाही.

सत्यभामा आता स्वतः दोन वेळा जखम धूत होती, स्वतः म्हातारीला वळवत होती. जखम हळूहळू लाल, स्वच्छ होऊ लागली. कौशल्या पाहत बसे आणि बोलत बसे.

“वयनीले पोर नाई बाई, इतके वर्स झाले. दादा आजवर गप होता, लोक बोलत तरी आयकत नोता. आता त्याचंच मन उडालं. कापूस येचून झाला का तिले वरूडले तिच्या बापाकडं सोडून देतो म्हन्ते. दुसरी पाहून ठेवली हाये आमच्या मामानं.”

हे ती सहज सांगत होती, आणि सांगता सांगता आईच्या कपाळावरची माशी हाकलत होती.

बापाकडे सोडून देणे म्हणजे काय, हे सत्यभामेला कोणी समजावून सांगायला नको होते. तिलाही नवऱ्याने असेच एकदा अमरावतीला राजापेठेत आणून सोडले होते. बाप फुलांचा मळा करणारा. भावजया पाण्यात पाहत. गजरे करत ती दारामागे बसे, कोणी आले की आत जाई. एका ओळखीच्या बाईने नर्सिंगची वाट दाखवली म्हणून ती माणसांत आली. जयवंताला कोण वाट दाखवणार होते? आणि सत्यभामेची स्वतःची वाट तरी किती रुंद होती! खोटे लिहिणाऱ्या नर्सला कोणता दवाखाना ठेवील? ती दोनदा डॉक्टरीणबाईंच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा औषधांची चौकशी करून परत आली. मिठाची गुळणी धरून बसावे तर जेवण उतरेना. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटे नाही. तिला स्वतःची लाज वाटत होती. तिच्या लबाडीने एका बाईचा संसार मोडत होता आणि ती मात्र त्याच बाईच्या सासूची चांगली सेवा केली म्हणून त्या घरचे आभार घेत होती.

शेवटी एका दुपारी तिने ठरवले. आधी घरच्यांना, मग डॉक्टरीणबाईंना. उत्तमराव आवारातल्या लिंबाखाली गाडीला टेकू लावून बैलांना कडबा टाकत होता.

“उत्तमराव, एक सांगायचं होतं.”

“बोला ना बाई.” तो अदबीने उभा राहिला. “तुमच्यामुळं मायी माय वाचली.”

“तुमच्या बायकोची चूक नाही. कूस बदलायचं मी तिला सांगितलंच नव्हतं.”

त्याला नीट समजले नसावे. त्याने हातातला कडबा खाली ठेवला.

“कागदावर तर होतं. डॉक्टरीनबाईनं वाचलं मायासमोर.”

“ते मी मागून लिहिलं. पाठ पाहिल्यावर.”

त्याच्या चेहऱ्यावर राग येईल, तो आरडाओरडा करील, याची तिने तयारी ठेवली होती. मारायला धावला असता तरी तिला बरे वाटले असते. पण तो हसला, समजूत काढावी तसा.

“तिनं पाय धरले असतीन तुमचे. रडली असन. तुमी मायेच्या मानुस, तुमाले दया आली.”

“ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.”

“बाई, दवाखान्याच्या कागदावर खोटं कोन लिवते? अन् तुमी?” त्याने मान हलवली. “जाऊ द्या. मी तुमचंच खरं मानलं असतं. पन थे सोताच म्हन्ते ना. बलावतो, तिच्याच तोंडून आयका.”

त्याने शेडकडे तोंड करून हाक मारली. जयवंता पिठाचे हात पदराला पुसत आली आणि नवऱ्यापासून जरा लांब उभी राहिली.

“बाईनं तुले सांगतलं होतं का नोतं, आईची कूस बदलाचं?”

“सांगतलं होतं.” ती खाली मान घालून म्हणाली. “मीच इसरली.”

“आयकलं?” उत्तमराव म्हणाला. त्याने कडब्याची पेंढी उचलली आणि तो बैलांकडे वळला. त्याच्या लेखी बोलणे संपले होते.

सत्यभामेने जयवंताचा दंड धरला आणि तिला शेडच्या आडोशाला नेले. वॉर्डात ती नेहमी पुस्तकी बोलत असे. आता ते तिला आठवलेही नाही.

“कावून खोटं बोलून राह्यली, वो? नवऱ्याच्या धाकानं? मी नोतं सांगतलं तुले. मी लिवलंई नोतं. मागून लिवलं, माया नोकरीसाठी. आता मी डॉक्टरीनबाईले सांगतो, त्याच सांगतीन त्याईले.”

जयवंता घाबरून तिच्याकडे पाहू लागली. नवऱ्याच्या आवाजाने जेवढी घाबरली नव्हती तेवढी आता घाबरली.

“नोका बाई. मायासाठी तुमी सोतावर कावून घेता? तुमची नोकरी जाईन.”

“अवो, खरं तेच सांगून राह्यली मी!”

“नाई बाई. तुमी सांगतलं होतं.” तिचा आवाज हळू होता, पण त्यात शंका नव्हती. “मले पयले याद येत नोतं. डॉक्टरीनबाई बोल्ल्या तवा मी मनात म्हटलं, मले तं कोनी काई नाई सांगतलं. मंग चुलीपाशी बसून मी रोज इचार केला. आठोलं मले. तुमी खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. घाईत होत्या. म्हने, जयवंता, मायची कूस बदलत जाय. अन् मी हो म्हटलं. माया ध्यानातून गेलं बाई. मायी सासू, अन् माया ध्यानातून गेलं.”

तिचे डोळे भरून आले. सत्यभामेचे तिथे उभे राहणे, ती घाई, खाटेचा पायथा, सगळे खरे होते. फक्त ते वाक्य कधी कोणी उच्चारले नव्हते, आणि ते आता या बाईच्या मनात इतके घट्ट बसले होते की खऱ्याला तिथे पाय ठेवायला जागा उरली नव्हती. तक्ता फाडता आला असता. डॉक्टरीणबाईंसमोर नाक घासता आले असते, आणि ते ती करणारच होती. पण त्याने हे पुसले जाणार होते का?

“एक कराल बाई?” जयवंताने डोळे पुसले. “वरूडले जायच्या आंधी त्याईनं मले सासूपाशी बसू देलं, तं आता चुकाचं नाई मले. पुन्हा एक डाव सांगा. नीट आयकतो.”

आतून कौशल्याने कोणाला तरी हाक मारली. बैलांच्या गळ्यातल्या घंटा हलत होत्या. सत्यभामा शेडच्या ओट्यावर बसली, जयवंताला तिने समोर बसवले आणि सांगायला सुरुवात केली. एक हात खांद्याखाली घालायचा, दुसरा कमरेखाली. ओढायचे नाही, उचलून वळवायचे. पाठीमागे उशी लावायची. गेलेला हात अंगाखाली सापडला नाही ना, ते पाहायचे. पाठ पुसून कोरडी करायची, अंथरुणाला चुणी राहू द्यायची नाही. दोन तास झाले की दुसरी कूस.

जयवंता प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होती, ओठांतल्या ओठांत म्हणून पाहत होती. सगळे सांगून झाल्यावर तिने समाधानाने पदर सावरला.

“हो बाई,” ती म्हणाली. “अस्संच सांगतलं होतं तुमी.”