कंपनीचा रंग

आमच्या चिमीला गाडी घ्यायची होती आणि आमच्या ह्यांना अक्कल शिकवायची होती. या दोन गोष्टी एकाच घरात, एकाच वेळी आल्या की जेवणाच्या टेबलावर काय होतं ते मला विचारा. भाजी गार होते, भांडण गरम राहतं आणि भांडी माझ्या वाट्याला येतात.

चिमी आमची एकुलती एक. फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटच्या घरी जाऊन कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा हलता करून देते. एक आजोबा शहराच्या या टोकाला, एक आजी त्या टोकाला, आणि मधे हायवे. बसची वाट बघण्यात तिचा अर्धा दिवस जायचा. लायसन्स नुकतंच हातात आलेलं. तिचं म्हणणं साधं होतं: छोटी का होईना, नवी कोरी गाडी घेऊ, हप्ते माझे मी भरीन. हे म्हणाले, नवशिक्याने नवी गाडी घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. आज गेटला घासशील, उद्या खांबाला ठोकशील, आणि शोरूमच्या दारातून बाहेर पडली की तिची किंमत तशीही पडते. जुनी घे, हात बसू दे, मग नवीचं बघू.

खरं सांगते, मी ह्यांच्याच बाजूची होते. मी घरी कपड्यांचं अल्टरेशन करते. नव्या कपड्याचं कौतुक दोन धुण्यांपुरतं असतं हे रोज बघते. शिवाय घरात एवढा जाणकार माणूस असताना शोरूमवाल्याचं घर कशाला भरायचं, असं मला वाटायचं.

हे डेंटिंग-पेंटिंगवाले. पूर्वी एका मोठ्या उस्तादाच्या गॅरेजात होते, आता घरापुढच्या शेडमध्ये स्वतःचं काम करतात. या धंद्यात ह्यांना नावाने कुणी हाक मारत नाही, सगळे 'पंजा' म्हणतात. डोळे मिटून गाडीवरून नुसता तळहात फिरवायचा आणि सांगायचं: हा दरवाजा बदललाय, इथे खड्ड्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय, इथला रंग नंतरचा आहे. लोक जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आधी ह्यांना घेऊन जातात. गेल्याच वर्षी माझ्या बहिणीच्या मुलीला, बिट्टीला, ह्यांनी असाच हात फिरवून गाडी घेऊन दिली. तेव्हापासून बहीण मला कमी आणि ह्यांना जास्त फोन करते.

चिमी म्हणाली, बाबा, निदान एखाद्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी वर उचलून तरी तपासून घेऊ. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असतं म्हणे. झालं. ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाले, ज्यांच्या हाताला अक्कल नाही त्यांनी यंत्रं घेऊन फिरावं.

"मला गाडीची आधीची गोष्ट माहीत हवी, बाबा," चिमी म्हणाली. "नव्या गाडीची गोष्ट माझ्यापासून सुरू होते."

"गोष्ट मी हाताने वाचतो," हे म्हणाले, आणि विषय संपला.

मग हे रोज कुठल्या ना कुठल्या डीलरकडे तिला नेऊ लागले. परत आले की गाड्यांचे वाभाडे. एकीचं बोनेट परकं, दुसरीची डिकी ठोकलेली, तिसरी तर म्हणे पाण्यात बुडून आलेली. चिमी कंटाळली. आणि मग एक दिवस ही पांढरी गाडी सापडली. वयाने बरीच होती, पण राखलेली. मीही गेले होते तेव्हा. ह्यांनी डोळे मिटले, पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत हात फिरवत गेले, वळून पुन्हा आले. दाराखालच्या पट्टीवर तर हात थांबलाच त्यांचा. चेहऱ्यावर असं समाधान, की लग्नाच्या दिवशीसुद्धा मी बघितलं नव्हतं.

"कंपनीचा रंग," हे म्हणाले. "एका जागी हात लागलेला नाही. असं काम कंपनीशिवाय कुणाला जमत नाही."

आम्ही गाडी घेतली. चिमी दोन दिवस फुरंगटून बसली, मग तीही खूश झाली. पेशंट वाढले. मला बाजूला बसवून हायवेवरून फिरवून आणलं. मी सीट घट्ट धरून बसले होते आणि ती हसत होती. मला वाटलं, पोरीचं आता मार्गी लागलं.

फक्त एक होतं. स्पीड ब्रेकरवरून गेलं की मागून कुठूनतरी 'टक' असा आवाज यायचा. चिमी दोनतीनदा बोलली. शेवटी एका रविवारी सकाळी ह्यांनी गाडी शेडमध्ये घेतली, म्हणाले, एखादी क्लिप निघाली असेल, चहा होईपर्यंत सापडते. मी चहा टाकला. चिमी दाराच्या पायरीवर केस विंचरत बसली होती.

मी कप घेऊन बाहेर आले तर ह्यांनी मागची सीट उपटून अंगणात ठेवलेली. खालचा गालिचा गुंडाळून बाजूला. आणि हे आत ओणवे, टॉर्च धरून, अजिबात हलत नव्हते. मला वाटलं आत साप-बिप आहे. मी हाक मारली, उत्तर नाही. माणसाला आत काही झालं की काय, असंच वाटलं मला.

चिमी कंगवा केसातच ठेवून उठली आणि दुसऱ्या दाराने आत वाकली. तीही तशीच वाकून राहिली.

शेवटी मी चहा बोनेटवर ठेवला आणि बापलेकीच्या मधून डोकं घातलं. खाली पत्रा. पत्र्यावर आडवा, या दारापासून त्या दारापर्यंत गेलेला एक सांधा. सांध्यावर तो राखाडी मसाला भरलेला, जो भरताना लोण्यासारखा मऊ असतो आणि नंतर दगड होतो. आणि त्या मसाल्यात, अगदी कडेला, एक अंगठा उमटलेला. डाव्या हाताचा. टोकाचा कोपरा नसलेला.

तो अंगठा मी ओळखते. तिथल्या जखमेला पट्टी मीच बांधली होती. ग्राइंडरने कोपरा उडवला होता, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ह्यांची जुनी खोड आहे: काम पूर्ण झालं की कुणाला दिसणार नाही अशा जागी ओल्या मसाल्यात अंगठा दाबायचा. चित्रकाराने चित्राखाली सही करावी तसं. ते मला माहीत होतं.

पण शेजारी अजून एक अंगठा होता. इवलासा. वाटाण्याएवढा.

"हा माझा आहे," चिमी म्हणाली.

शाळा सुटली की ती उस्तादाच्या गॅरेजात जाऊन बसायची, कारण तेव्हा मी एका कारखान्यात शिवणाला जात होते. उपड्या डब्यावर बसून पाढे म्हणायची. बाबांनी अंगठा दाबला की तीही दाबायची. हे तिने तेव्हा मला कधी सांगितलं नव्हतं. बापलेकीचा खेळ होता तो.

मी ह्यांना विचारलं, ही गाडी आहे तरी काय. हे बाहेर आले, सीटवर अंगणातच बसले आणि सांगायला लागले. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. दोन गाड्या होत्या. एकीचं पुढचं तोंड चेंदामेंदा झालेलं, दुसरीचं मागचं अंग. उस्ताद म्हणाला, दोन्हींचं चांगलं तेवढं घे आणि एक कर. ह्यांनी दोन्ही मधोमध कापल्या, जोडल्या, वेल्ड केल्या, लांबी भरली, घासली, रंगवली. तेव्हा अशी कामं यायची. उस्तादाने पाठ थोपटली होती. म्हणाला होता, पंजा, हे कंपनीलाही ओळखू येणार नाही.

कंपनीचं जाऊ दे, स्वतःलाही ओळखू आलं नाही. दुसऱ्याच्या हातची खोट ह्यांना लगेच लागायची. स्वतःच्या हातची लागणार कशी? दाराखाली हात थांबला होता तो स्वतःच्याच कामावर, आणि त्याला हे कंपनी समजून बसले. मला त्या क्षणी रडावं की ह्यांचा गळा धरावा कळत नव्हतं.

त्या दोन गाड्यांमधल्या माणसांचं काय झालं, मी विचारलं. ह्यांना माहीत नव्हतं. विचारायची पद्धत नव्हती म्हणे.

मग हे सावरून म्हणाले की सांधा तसा मजबूत आहे, इतकी वर्षं टिकलाय, रोजच्या चालवण्याला काही होत नाही. मी आयुष्यभर कपडे उसवून शिवलेत. ताण आला की कापड कुठून जातं ते मला कुणी सांगायला नको.

"मागून ट्रकने धडक दिली तर?" मी विचारलं.

हे टॉर्चचं बटण चालू-बंद करत राहिले.

"मग उद्या चिमीला हायवेवर पाठवाल हिच्यातून? हो किंवा नाही सांगा."

ह्यांनी मान हलवली. नाही.

चिमी रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं. कंगवा केसातून काढला आणि हातात धरून उभी राहिली. ह्यांनी डीलरला फोन लावला. तो बिचारा एकदम गोड बोलला. म्हणाला, पंजाभाऊ, तुम्हाला नको असेल तर आणून सोडा, पैसे परत देतो, या मॉडेलला गिऱ्हाईक तयारच आहे. कालच एक बाई आल्या होत्या, मुलाला कॉलेजला जायला हवीय. माझ्या मनात लगेच आलं, चला, सुटलो. लाज वाटते सांगायला, पण आलं.

चिमीने बापाच्या हातातून फोन घेतला, नको म्हणाली आणि ठेवून दिला.

ह्यांनी तिच्याकडे बघितलं. मग उठले आणि ग्राइंडर आणला. रविवारी मशीन लावलं की शेजारचे ओरडतात, त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. ह्यांनी बाहेरून सांधा शोधायला हात फिरवला. एकदा, दोनदा. सापडेना. शेवटी चिमी आत बसली आणि आतून बोटाने ठोकून सांगत गेली, इथे, बाबा, इथे, आणि हे बाहेरून त्या आवाजावर खडूची रेघ ओढत गेले. मग ती उतरली आणि ह्यांनी पातं लावलं. पांढऱ्या रंगाखालून पिवळट लांबीची भुकटी उडत होती. माझा चहा बोनेटवर तसाच, वर धुळीची साय.

जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा छत आणि दाराखालच्या दोन्ही पट्ट्या सुटल्या. गाडी मधोमध खचली. मोठा आवाजही झाला नाही. खालच्या सांध्याला अजून पातं लागलंच नव्हतं. ह्यांनी पहार घालून नुसती ढकलली तर मागचा भाग वेगळा होऊन हातभर सरकला. एवढ्याशा जोरावर माझी पोर एवढे दिवस हायवेवर फिरत होती.

चिमी त्या फटीकडे बघत उभी होती. मग तिने बापाला विचारलं, अगदी हळू आवाजात, पेशंटला कुठं दुखतंय विचारते तसं.

"बाबा, तुमच्या हाताला कंपनीची वाटलेली ही एकच गाडी आहे का?"

आधी मला प्रश्न कळलाच नाही. मग ह्यांचा चेहरा बघितला आणि कळला. ह्यांच्या कपाळावर धूळ होती, तिच्यातून घामाचा ओघळ उतरत होता. ह्यांच्या तोंडून एकच शब्द आला.

"बिट्टी."

बिट्टीची गाडी. राखाडी, तितकीच जुनी. तिच्यावरूनही हे असाच हात फिरवून म्हणाले होते, कंपनीचा रंग, डोळे झाकून घे. मी तिथेच होते. मीच बहिणीला म्हटलं होतं, आमच्या घरचा माणूस बघून देतोय, तुला कसली काळजी.

ह्यांना फोनमध्ये बिट्टीचं नावच सापडेना. चिमीने लावला आणि स्पीकरवर टाकला. बरीच रिंग गेली. मग वाऱ्याचा आवाज, गाणं, आणि मागे कुणीतरी खळखळून हसतंय.

"काका, बोला. मी गाडी चालवतेय, मैत्रिणी आहेत मागे. हायवेवर आहोत."

ह्यांनी फोनकडे तोंड नेलं. मी ह्यांच्या पाठीवर थाप मारली.

"बाळा," हे म्हणाले, "गाणं बंद कर. घाबरू नकोस. वेग कमी कर आणि गाडी हळूहळू कडेला घे."

"का? काय झालं?"

"कडेला घे आधी. थांबलीस की मागच्या मुलींना पहिल्यांदा उतरव. मी येतोय."

गाणं बंद झालं. हसणं थांबलं. मग फोनमधून इंडिकेटरची टिकटिक ऐकू यायला लागली, आणि आम्ही तिघं त्या कापलेल्या गाडीपाशी ती ऐकत उभे राहिलो.