वाळूत भुसा

सुतार तसा सरळ माणूस. चाळीस वर्षांत त्याने प्लायवूड सागवान म्हणून कुणाच्या गळ्यात मारलं नव्हतं, आणि हे तो कुणी न विचारताही सांगायचा. आयुष्यातली पहिली लबाडी त्याने केली ती स्वतःच्या लेकीशी.

लेक भिंती चढायची. म्हणजे जुन्या गोदामात उभारलेल्या, खुंट्या ठोकलेल्या उंच भिंती, आणि सुट्टीत खरे कडे. बोटांच्या टोकांवर सगळं अंग तोलायचं, त्यातच तिचा जीव. असंच लटकताना उजव्या खांद्याचा स्नायू फाटला, ऑपरेशन झालं, हात झोळीत आला. खांद्याची तिला फिकीर नव्हती. तो भरेपर्यंत बोटं मऊ पडतील, या धास्तीने मात्र तिला अन्न गोड लागेना. बोटं तयार करायला दहा वर्षं लागली होती, बिघडायला दोन महिने पुरतात, असं ती म्हणायची.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यातून वाट काढली. झोळी निघाल्यावर हात सरळ खाली सोडायचा, लाकडी पट्टीच्या कडेला फक्त बोटांची टोकं लावायची आणि पट्टीला बांधलेलं वजन जमिनीवरून वीतभर उचलायचं. वजन सहा किलो, त्या सांगेपर्यंत रतीभरही जास्त नाही. पट्टी सुताराने घासून घासून गुळगुळीत करून दिली. वजनासाठी जाड कापडाची मोठी पिशवी शिवली आणि तळाला वाळू भरली.

पण सहावर थांबेल तर ती त्याची लेक कसली! आठवड्याभरातच म्हणाली, दोन किलो वाढवा. त्याने समजावलं, आवाज चढवला, दोन दिवस अबोला धरला. तुम्ही नाही भरलीत तर मी भरेन, एवढंच ती म्हणाली. आणि डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, की शिवलेलं सुटलं तर पुन्हा शिवायला धड काही उरणार नाही. शेवटी सुताराने मान डोलावली, पिशवी कारखान्यात नेली, वाळूच्या मध्ये भुसा ठासला, आणि भुशाच्या वजनाएवढी वाळू काढून घेतली. पिशवी फुगली, वजन तेवढंच राहिलं.

मग दर महिन्याला तेच. आठ, दहा, बारा, चौदा. लेक पिशवी उचलायची आणि खूश व्हायची. हलकी लागतेय बाबा, बोटं तयार होतायत, म्हणायची.

सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी भिंतीवर जायला परवानगी दिली. तिच्या कमरेला बांधलेला, पडली तर झेलणारा दोर खाली सुतारानेच धरला. ती दुसऱ्या कुणाला धरू देत नसे. तिने पूर्वी हसत हसत केलेली चढण निवडली, आणि तिसऱ्या खुंटीवरच उजव्या हाताची बोटं उघडली. दोराने तिला झेललं. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. खांदा जरासुद्धा दुखला नाही.

घरी येऊन ती चढायचे बूट एका खोक्यात भरू लागली. मैत्रिणीला देऊन टाकते म्हणाली.

"चौदा किलो उचलूनही ही गत. म्हणजे बोटं संपली माझी, बाबा."

सुताराला हेच तर हवं होतं. आता ती कधी पडणार नव्हती. त्याने फक्त तोंड मिटून बसायचं होतं, आणि खांदा जन्मभर शाबूत राहिला असता. पण ती बुटांच्या नाड्या गुंडाळत होती आणि तिचा चेहरा त्याला बघवेना.

"पिशवीत भुसा आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासून सहाच किलो होते."

तिचे हात थांबले. तिने आदळआपट केली असती, चार शब्द सुनावले असते, तर त्याला बरं वाटलं असतं.

"आज दोर तुमच्या हातात होता," ती हळूच म्हणाली.

त्याला म्हणायचं होतं की ती गोष्ट वेगळी, तो दोर मी मेलो तरी सोडला नसता.

दुसऱ्या दिवशी तिने खोक्यातून बूट काढले आणि निघाली. सुतार चपला घालू लागला, तर म्हणाली, तुम्ही नका येऊ. मग दोर कोण धरणार, त्याने विचारलं.

"असेल कुणीतरी तिथे," ती म्हणाली.