काचेवरचा हट्टी डाग

मी एक जुना, काळवंडलेला धुळीचा कण आहे. मित्रांनो, माझा जन्म चंद्रावरचा. तिथे हवा नाही, पण सूर्याकडून येणारा वारा आहे! त्यातले हायड्रोजनचे बारीक कण, मध्ये काही आडोसाच नसल्यामुळे, थेट अंगावर आदळतात. त्या माऱ्याने माझी कातडी करपली. काही हायड्रोजन पोटातच अडकला, आतल्या ऑक्सिजनशी त्याचं जमलं आणि माझ्यात पाण्याचा अंश तयार झाला. त्याचं केवढं कौतुक! एका यानाने मला पृथ्वीवरच्या या प्रयोगशाळेत आणलं आणि हवा काढून घेतलेल्या पोलादी डब्यात कोंडलं. पाणी माझ्यात कैद, मी डब्यात कैद.

डब्याला एकच गोल खिडकी होती. संशोधक ताई माझ्यावर यंत्रातून तसाच नकली मारा करायची. नवं पाणी किती तयार होतं, हे तिला मोजायचं होतं. तिच्याकडे कण एकच, मी.

एकदा त्या माऱ्याने माझ्या अंगात इतकी वीज साठली, की मी माझ्या बशीतून टुणकन उडालो आणि काचेला आतून चिकटलो.

"बशी रिकामी कशी?" ताईचे मोठे सर कडाडले.

"आत्ता तर होता हो!"

झालं! सर टेबलाखाली रांगायला लागले. ताईने सरांचा स्वेटरसुद्धा झटकला. बंद डब्यातला कण बाहेर येईलच कसा, हे कोणाला सुचेना.

"काका, काच पुसा ना, मधेच डाग आलाय," ताई रडकुंडीला येऊन म्हणाली.

यंत्रं सांभाळणाऱ्या काकांनी बाहेरून फडकं मारलं. तोंडाने वाफ सोडली. नखाने खरवडलं. मी आतून जीव तोडून ओरडत होतो, पण हवाच नाही तर आवाज जाणार कुठून?

"भलताच हट्टी आहे हा!"

"मग डबा उघडा, ओल्या फडक्याने आतून पुसा," सर टेबलाखालून म्हणाले. "कण गेलाच आहे, आता हवा आत शिरली काय नि न शिरली काय!"

माझं धाबं दणाणलं. हवेतला ओलावा माझ्या पाण्यात मिसळणार, मी फडक्याबरोबर मोरीत जाणार आणि ताईची सगळी मेहनतही माझ्यामागून!

काकांनी डब्याच्या नटाला पान्हा लावला. इतक्यात टेबलाखालून उठताना सरांचं टक्कल यंत्राच्या बटणावर आपटलं. मारा सुरू झाला आणि मी पुन्हा उडालो, तो थेट बशीत.

"डाग उडाला!" ताई किंचाळली.

"डाग उडत नसतात," सर डोकं चोळत म्हणाले.

"तेच तर म्हणतेय! काका, पान्हा खाली ठेवा!"

आता मी पुन्हा बशीत आहे. वर बारीक जाळी आलीय, म्हणजे कैदेत आणखी एक कैद. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. काचेवर डाग दिसला, तर फडकं उचलण्याआधी तो कुठल्या बाजूला आहे ते बघा. आतून कोणीतरी तुमच्याकडेच बघत असेल.