खारं घाल, खारं!

अभयचं कोरल मेलं आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. मी शब्द चुकले म्हणे. पण शब्द माझा नव्हताच, नवऱ्याचा, अभयचाच होता.

हॉलमधला खाऱ्या पाण्याचा टँक त्याचा. त्यात वर्षानुवर्षं वाढवलेलं कोरल, म्हणजे जिवंत पोवळं, आणि दोन नारिंगी मासे. मला हात लावायची बंदी. काहीही विचारलं की एकच उत्तर, "तुला जमायचं नाही." मासे मात्र माझे होते. सकाळी मी चहा घेऊन आले की दोघं काचेपाशी यायचे, अभय आला की दगडामागं पळायचे.

अभय कंपनीच्या ट्रेनिंगला महिनाभर चेन्नईला गेला आणि माशांच्या अंगावर बारीक मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके उठले. दोघं दगडाला अंग घासत होते, खाणं सुटलं होतं. मी घाबरून फोन केला.

"परजीवी आहेत ते, अंगात घुसतात," तो म्हणाला. "औषध घालू नको. औषधात तांबं असतं, कोरल मरेल."

"आन् मासे?"

"मेले तर मेले. दुसरे आणू. कोरल परत नाही मिळायचं."

माझं टाळकंच सरकलं. तडफडणाऱ्या जिवाबद्दल हा माणूस बल्ब बदलायचा असल्यासारखा बोलत होता!

"फार तर अर्धं पाणी काढ आणि खारं घाल," तो म्हणाला. "गोडं नाही, खारं." आणि फोन ठेवला.

आता आमच्या हर्सूलला खारं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बोअरचं ते खारं, नळाचं ते गोडं. गोडं प्यायला, तेही नळाला येईल तेव्हा. बाकी सगळं खाऱ्यावर. गच्चीवर दोन टाक्या आहेत आणि त्यांच्यावर 'खारं' आणि 'गोडं' असं खुद्द अभयनं ऑइलपेंटनं लिहिलंय. टँकचं पाणीसुद्धा तो गच्चीवरूनच आणायचा. तिथं बसून तो पाण्यात समुद्री मीठ कालवतो, हे मला कोण सांगणार? मी 'खारं' लिहिलेल्या टाकीतून बादल्या भरल्या आणि ओतल्या.

हळूहळू ठिपके ओसरले. दोघांतला मोठा खायला वर आला तेव्हा मी हॉलमध्ये एकटीच रडले. कोरल मात्र पांढरं पडून झडायला लागलं. मी लगेच अभयला कळवलं.

"अजून पाणी बदल," तो ओरडला. "खारं घाल, खारं!"

मी घातलं.

तो परत आला तेव्हा त्याला स्टेशनवर घ्यायला गेलेली माझी नणंद श्रेयाही सोबत होती. बूट न काढताच त्यानं टँकमधल्या मिठाचं माप घेतलं.

"कुठलं पाणी घातलंस?"

"खारं. वरच्या टाकीतलं."

"बोअरचं? अगं, खारं म्हणजे समुद्राचं!"

"मंग समुद्राचं म्हणायचं की! टाकीवर काय लिहून ठिवलंय तू?"

तो डोकं धरून बसला. "मीठ एवढं उतरलं की परजीवी मरतात, मासे तगतात. पण कोरल नाही तगत."

"जाऊ दे रे दादा," श्रेया हसत म्हणाली. "वहिनी अजिंठ्याकडच्या खेड्यातल्या. त्यांना काय कळतंय?"

"खरंय," अभय म्हणाला. "अडाण्याच्या हातात घर दिलं की असंच होणार."

चुकून झालं, असं मला म्हणता आलं असतं. दोघांना तेच ऐकायचं होतं. मग श्रेयानं ते घरोघरी सांगितलं असतं आणि जन्मभर मला हसली असती. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"मुद्दाम घातलं," मी म्हणाले.

"काय?"

"मला ठावं व्हतं. कोरल मरंल आन् मासे वाचतील. म्हणून घातलं."

श्रेयाचं हसू जागीच विरलं. अभयनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्याशी बोलायच्या आधी विचार करताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.